डाव्या हाताचा कोयता

दिवाळीच्या चकल्या संपून डब्याच्या तळाशी नुसता चुरा उरला, की सणसरच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, वरपर्यंत रचलेला ऊस, आणि गाणी इतकी मोठ्यानं लावलेली की ट्रॉली दिसायच्या आधी गाणं दारात येतं. रस्त्यावर पडलेल्या उसाचा चाकाखाली चेंदा होतो, त्याला गोडसर आंबूस वास सुटतो, आणि तो पुढं चार-पाच महिने धुतलेल्या कपड्यांनासुद्धा सोडत नाही. माहेरी बारामतीला होते तोवर मी या दिवसांना थंडी म्हणायचे. सणसरला आल्यापासून सीझन म्हणते. इथं सगळेच तसं म्हणतात. "सीझन झाला की बघू," असं म्हटलं की लग्न, बोअर, गुडघ्याचं ऑपरेशन, काहीही पुढं ढकलता येतं.

यंदाचं पहिलं गाणं ऐकू आलं तसा मी बाहेरच्या खुंटीवरचा माझा कोयता खाली काढला. फडक्यानं पुसला, तेलाचा बोळा फिरवला. दरवर्षी काढते. आता त्याला पूर्वीसारखं काम नाही. परवा शेजारच्या तात्यांच्या रानात तोडणीचं मशीन आलं होतं, आणि आम्ही बायका बांधावर उभ्या राहून ते बघत होतो, जत्रेतला पाळणा बघावा तसं. मशीनचं मला कौतुक वाटतं. भीती मात्र अजून कोयत्याचीच वाटते. एकोणीस वर्षं झाली, तरी मूठ हातात आली की पाठीतून एक बारीक शहारा जातो.

असा कोयता पहिल्यांदा नीट पाहिला तो लग्नानंतर आठव्या दिवशी. तसा कोयता काही बारामतीच्या माणसाला नवा नाही. शहाळेवाल्याकडं असतो, रसवंतीवर असतो. पण ते म्हणजे सुरीचे थोरले भाऊ. आत्यांचा कोयता वेगळ्याच खानदानातला होता. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. दाराबाहेर, उंबऱ्याच्या उजव्या अंगाला, भिंतीतल्या खुंटीला तो टांगलेला असायचा. हातभर लांब, टोकाला जरासं पुढं वाकलेलं पातं. पाठ जाड आणि काळी, आणि धारेच्या कडेनं एकच पांढरी रेघ. बाकी सगळा कोयता अंधार आणि ती रेघ तेवढी उजेडाची. मूठ बाभळीची. धरून धरून ती इतकी झिजली होती, की तिच्यावर आत्यांच्या बोटांच्या खाचा दिसायच्या. लाकडात बोटं उमटेपर्यंत एखाद्या बाईनं काय आणि किती तोडलं असेल, असं मनात आलं आणि मी त्या खाचांत माझी बोटं बसवून बघायला हात पुढं केला.

"उजवा," मागून आत्या म्हणाल्या.

मी हात मागं घेतला. मी डावखुरी आहे.

खरं तर हे आधीच सांगायला हवं होतं, कारण त्या सीझनला माझं जे काही पणाला लागलं होतं ते या हातासाठीच. माहेरी वडिलांनी "ज्या हातानं जमतंय त्या हातानं करू द्या" म्हणून विषय मिटवला होता. सासरी आल्यावर कळलं की या घरात मला जागा आहे, माझ्या डाव्या हाताला नाही. पहिल्याच जेवणात मी डाव्या हातानं सासऱ्यांच्या ताटात कालवण वाढलं आणि सगळ्यांचे घास थांबले. आत्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या उठल्या, माझ्या डाव्या हातातली पळी काढून उजव्या हातात दिली आणि परत आपल्या जागी जाऊन बसल्या.

गंमत बघा. आमचं घर बौद्ध. आजेसासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हा देव्हारा सोडला, उपास सोडले, शकुन-अपशकुन सोडले. आत्या तर अमावास्येला मुद्दाम नवं काम काढायच्या. मांजर आडवं गेलं तर मांजराला म्हणायच्या, "जा बाई, तुझं काय काम असंल ते कर." एवढं सगळं घराबाहेर गेलं आणि डावा हात तेवढा राहून गेला. माझ्या ओठावर कितीदा यायचं, पण आठ दिवसांच्या सुनेनं असलं बोलायचं नसतं. मी उजव्या हातानं वाढायला शिकले, सांडत सांडत. उजव्या हातानं भाकरी थापली, ती कुठूनही गोल व्हायची नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे कुठल्याही कामाच्या आधी मला हात आठवावा लागायचा. त्यामुळं घरात मी कायम क्षणभर उशिरा असायचे. शहरातली आहे, जरा मंदच आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

कोयत्याचेही नियम होते. तो उंबऱ्याच्या आत आणायचा नाही. ओलांडायचा नाही. एकानं दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. जमिनीवर ठेवायचा आणि दुसऱ्यानं उचलायचा. मी विचारलं, "हातात दिला की भांडण होतं का, आत्या?"

"भांडाण न्हाय हुत," त्या म्हणाल्या, "बोट जातंय."

एकदा दुपारची भाकरी घेऊन रानात गेले आणि आत्यांना ऊस तोडताना पाहिलं. चणीनं लहान, पन्नाशीची बाई. डाव्या हातानं त्या उसाला कवेत घ्यायच्या, वाकायच्या, आणि उजवा हात खाली यायचा. घाई नाही, जोर नाही. खस्. आपण तुटलोय हे उसाला कळायला जणू क्षण लागायचा, तेवढा वेळ तो उभाच राहायचा. मग तो कलला की कलता कलताच त्याचा शेंडा उडालेला असायचा. कोयता मधे वर कधी गेला ते मला एकदाही दिसलं नाही. मी डोक्यावरची पाटी उतरवायची विसरून उभी राहिले. देवळात कधी हात जोडले नव्हते, पण हात जोडावेसे वाटणं म्हणजे काय ते मला त्या बांधावर कळलं.

त्यांनी मला खाली बसवून बुडखा दाखवला. जमिनीशी सपाट, पांढरा, ओला, रस वर येत असलेला. मातीवरून तळहात फिरवला तर अडकू नये असा. "ह्यातनंच खोडवा फुटायचा," आत्या म्हणाल्या. खोडवा म्हणजे त्याच बुडख्यातून येणारं पुढच्या वर्षीचं पीक. "वर तोडला तर कोंब वरच फुटतोय, त्याला मुळी धरत न्हाय. मग वारं आलं की झोपला. ऊस कसा तोडलाय ते आज कळत न्हाय बग, पुढल्या साली कळतंय."

त्याच सीझनला तात्यांच्या रानातली बेण्याची तोड निघाली. तात्या म्हणजे आमच्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, बांधाला बांध लागून त्यांचं रान. लागणीसाठी जो ऊस बेणं म्हणून राखतात तो बाहेरच्या तोडणीच्या टोळीला तोडू देत नाहीत. घाईत उसाचा डोळा दुखावला तर तो उगवतच नाही. म्हणून बेण्याची तोड आमच्याकडं सावडीनं होते: आज तुमच्या घरची माणसं आमच्या रानात, उद्या आमची तुमच्या. आमच्या बेण्याच्या तोडीला तात्यांकडची एक बाई येऊन गेली होती. आता आमच्या घरातून एक बाई जायला हवी होती, आणि आदल्याच दिवशी पाटात पाय घसरून आत्यांचा घोटा मुरगळला. सावडीत रोजंदारीचं माणूस पाठवून चालत नाही. घरचाच हात लागतो.

"मी जाते," मी म्हणाले.

आत्यांनी माझ्या डाव्या हाताकडं पाहिलं. "उजव्यानं जमंल?"

"जमंल की."

त्यांनी कोयता जमिनीवर ठेवला. मी तो उजव्या हातानं उचलला.

रानात सात बायका, प्रत्येकीला एक सरी. माझ्या एका उसाला चार घाव लागत होते. तासाभरात सगळ्या पुढं गेल्या आणि मी एकटी सरीच्या तोंडाशी. तात्यांच्या घरच्या काकू वळून म्हणाल्या, "वैशाली, जेवणापतुर तरी ये गं आमच्यात!" सगळ्या हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण माझे कान तापले. मी आजूबाजूला पाहिलं, कुणाचं लक्ष नव्हतं. मी कोयता डाव्या हातात घेतला.

काय सांगू! त्या हाताला वजन ओळखीचं वाटलं. खांदा आपोआप फिरला, कंबर आपोआप वाकली. एका घावात ऊस. दुसरा. तिसरा. एवढं थोरलं लोखंड माझं ऐकतंय याचंच मला इतकं अप्रूप वाटलं, की मी तोंडानं मोजत सुटले. दुपारच्या आत मी बायकांना गाठलं. काकू म्हणाल्या, "अगं बया, हिच्यात वारं शिरलं का काय!" सासरी आल्यापासून पहिल्यांदा मला हात आठवावा लागला नव्हता.

सरी संपल्यावर मागं वळून पाहिलं. माझ्या सरीतले बुडखे जमिनीवर चार-चार बोटं उभे होते. कित्येक चिरफाळलेले. शेजारच्या सऱ्या कशा तळहातावानी सपाट, आणि माझी तेवढी दात विचकून राहिलेली. कोयता बरोबर खाली घातला होता, तरी पातं दर वेळी वर चढलं होतं. का, ते मला कळेना. एवढंच कळलं की डाव्या हातानं घात केला, आणि आत्या म्हणत होत्या तेच खरं.

मग मी जे केलं त्याची आजही लाज वाटते. तोडीनंतर पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, सरीत पसरतात, ओल टिकावी म्हणून. मी माझ्या सरीत जरा जास्तच पसरलं. एक बुडखा दिसणार नाही असं. तात्यांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "सून कामाची निघाली की!" मी मान खाली घालून घरी आले. तात्यांच्या पुढच्या वर्षाच्या उसावर मी पाचट टाकून आले होते.

तात्यांचं ते कौतुकच मला भोवलं. ते ऐकून दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या काठी टेकत, लंगडत रानात निघाल्या. सुनेची सरी बघायला. मी मागोमाग. दोन दिवस घोटा दुखतो म्हणून हाक मारणारी बाई त्या दिवशी माझ्या पुढं चालत होती. सरीपाशी आल्यावर त्यांनी काठीनं पाचट बाजूला सारलं. मग आणखी थोडं. मग पाय लांब करून सरीतच बसल्या आणि एकेका बुडख्यावरून अंगठा फिरवू लागल्या. एक, दोन, दहा, पंधरा. आता या हाताला उभ्या जन्मात सणसरमध्ये कुणी काही धरू देणार नाही, याची मला खात्री झाली.

"कुठल्या हातानं तोडला?"

"डाव्या."

"कोयता ठीव हितं."

मी ठेवला. त्यांनी तो उचलून माझ्यासमोर आडवा धरला. "ही बाजू सपाट हाय. ह्या बाजूला उतार. दिसतंय का? उजव्या हातात धरला की सपाट बाजू भुईकडं येती. तू धरला डाव्यात, उतार आला भुईकडं. मग पातं वरच चढणार की. सगळं घाव एकसारखं एकाच अंगाला चढल्यात." त्यांनी पुन्हा एका बुडख्यावर अंगठा ठेवला. "हात चुकला न्हाय तुजा. हात सरळ हाय. कोयता उलटा हाय तुला."

मी तिथंच रडायला लागले. बुडख्यावरून नुसता अंगठा फिरवून, न बघितलेली अख्खी सकाळ त्यांनी वाचली होती. पत्र वाचावं तशी. मी पुढं टपालखात्यात लागले, हजारो पत्रं माझ्या हाताखालून गेली, पण असं वाचणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

"पर झाकलंस कशापायी?"

"भ्याले, आत्या."

"उसाला झाकून काय हुतंय? त्यो वरच येतोय." आणि माझ्या पाठीवर एक चापट मारली, बरीच जोरात. "जा, आदी तात्यास्नी सांगून ये. तुज्या तोंडानं."

तात्यांना सांगितलं. ते हसले, म्हणाले, "बुडखं तर छाटायचंच असत्यात खोडव्याला. तुमी छाटा तेवढी सरी." दिवसभर आत्या दुखरा पाय लांब करून सरीतून बसल्या बसल्या पुढं सरकत होत्या आणि एकेक बुडखा जमिनीलगत तासत होत्या. मी पुढं होऊन पाचट काढत होते, मागं येऊन पुन्हा पसरत होते. मला इतकं हलकं वाटत होतं की काय सांगावं.

घोटा बरा झाल्यावर त्यांनी मला भिगवणला नेलं. का, ते सांगितलं नाही. रस्त्याकडंला पाल टाकून एक लोहार जोडपं बसलं होतं. मागं उजनीचं पाणी, वाऱ्यावर मासळीचा वास, समोर हायवेचा धडधडाट, आणि मधे एवढीशी भट्टी. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा तिच्यात लाल होत पडला होता. लोहारानं तो सांडशीनं ऐरणीवर धरला आणि त्याच्या बायकोनं घण उचलला. माझ्यापेक्षा बारीक बाई. घण तिच्या डोक्यावरून मागं जायचा, आणि येताना लोखंड भाकरीच्या पिठासारखं पसरायचं. नवऱ्याचं बोट आणि तिचा घाव यांत वीतभरही अंतर नव्हतं, आणि दोघं घरातलं काहीतरी बोलत होते, धाकटीला ताप आहे असलं काहीतरी. मी श्वास धरून बघत होते.

"उतार ह्या बाजूला काढ," आत्या म्हणाल्या. "डाव्या हाताचा पायजे."

लोहार थांबला. "डाव्या हाताचा? कुणाला?"

"सुनंला."

"मावशी, हाताला वळण लावा की. कोयता कशाला उलटा करायचा?"

"हात तिच्या आईबापानं दिलाय," आत्या म्हणाल्या, "कोयता तू देणार हाईस. मग बदलून कुणाकडं मागू?"

घण खाली टेकवून लोहाराची बायको मोठ्यानं हसली. मग तिनं नवऱ्याला सांगितलं, "कर की, उलटा तर उलटा." तापलेलं पातं पाण्यात गेलं, फस्स झालं, वाफ माझ्या तोंडावर आली. कानशीनं धार काढल्यावर त्या नव्याकोऱ्या काळ्या लोखंडावर ती पांढरी रेघ उगवली. लोहारानं कोयता माझ्यापुढं जमिनीवर ठेवला. आत्या माझ्याकडं बघत होत्या. मी डाव्या हातानं उचलला. मूठ गार होती.

येताना आत्यांनी चिलापी मासळी घेतली. एका पिशवीत मासे, पोत्यात गुंडाळलेला कोयता माझ्या मांडीवर, अशा आम्ही जीपमधून आलो. त्या दिवशी मी चिलापीचं कालवण डाव्या हातानं वाढलं. सासरे घास थांबवून आत्यांकडं पाहू लागले. आत्यांनी आपलं ताट पुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "रस्सा वाढ अजून."

तात्यांचा खोडवा चांगला फुटला. त्यात माझी सरी कुठली हे मला शोधूनही ओळखता आलं नाही. आयुष्यात इतका आनंद मला शाळेतल्या पहिल्या नंबरानंही दिला नव्हता.

हे सगळं आठवायचं कारण पुढंच आहे. आत्या आता सत्तरीच्या आहेत. या श्रावणात गोठ्यात पडल्या आणि उजवा खांदा गेला. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, या हातानं आता वजन उचलायचं नाही. हात आहे, पण मांडीवर ठेवलेला. ज्या हाताची बोटं लाकडात उमटली तो हात. गेले तीन महिने त्या डाव्या हातानं चमच्यानं जेवतात, भिंतीकडं तोंड करून. आम्ही बघितलं की चमचा खाली ठेवतात. मला ते बघवत नाही. तसं काही काम त्यांच्यावाचून अडलेलं नाही, चारा कापायचं कुट्टीचं मशीन बटणावर चालतं. पण काम अडत नाही हेच त्यांना खुपतं, हे मला कळतं.

तर परवा मी कोयत्याला तेल लावत बसले होते. शेजारी कुणीतरी ट्रॉलीवरून टाकलेली वाढ्याची पेंढी, उसाचे हिरवे शेंडे, गाईसाठी. आत्या दारात बसल्या होत्या.

"त्यो ठीव हितं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, तेल नीट लागलंय का ते बघायचं असेल. मी कोयता त्यांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला. त्यांनी डावा हात पुढं केला आणि तो उचलला. त्यांचा स्वतःचा कोयता शेजारच्याच खुंटीवर होता. त्याच्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

एक वाढं ओंडक्यावर आडवं टाकलं, पायानं दाबलं, आणि घाव घातला. तो ओंडक्यावर भलतीकडंच बसला. दुसरा तिरपा गेला. इतकी वर्षं एकाही घावाला ज्यांना चुकताना पाहिलं नाही, त्या माझ्यासमोर वाढ्याच्या एका दांडीला चुकत होत्या.

"आत्या, अंगठा जरा मागं घ्या," मी म्हणाले.

त्यांनी अंगठा मागं घेतला. "समदं उलटं वाटतंय गं. हात आपला हाय का दुसऱ्याचा, तेच समजंना."

"सवय होईल."

त्या कोयता मांडीवर आडवा ठेवून त्याच्या उताराच्या बाजूकडं बघत बसल्या. रस्त्यावरून एक ट्रॉली गेली, तिचं गाणं येऊन गेलं. मग वर न बघताच म्हणाल्या, "म्या तुज्या हातातली पळी काढली हुती बग. तवा तुला आसंच वाटलं आसंल, व्हय ना?"

एकोणीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत नव्हते. तरी तो आला तेव्हा माझे डोळे भरून आले.

"व्हय, आत्या," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. वाढं पायाखाली पुन्हा नीट धरलं, अंगठा मागं घेतला आणि कोयता खाली आणला. या वेळी ते तुटलं. गाईनं दावणीतून मान लांब केली. आत्यांनी तो तुकडा उचलला आणि तिच्या पुढ्यात टाकला, डाव्याच हातानं.